भोंग्याचं दुकान

औषधांच्या त्या दुकानावर चांगली रंगवलेली पाटी होती, पण गल्लीतली पोरं त्याला 'भोंग्याचं दुकान' म्हणत. नाव उगाच पडलं नव्हतं. कोवळ्या मिशीचं एखादं पोरगं गर्दी ओसरायची वाट बघत कोपऱ्यात घुटमळलं, की मालक भर गर्दीत ओरडायचा, "काय रे, निरोध पाहिजे का? बापाला विचारलंस?" गिऱ्हाइकं फिदीफिदी हसायची आणि पोरगं तोंड लपवून पळत सुटायचं. मुलगी आली तर असंच ओरडून झाल्यावर संध्याकाळच्या आत तिच्या घरी फोनही जायचा. "गल्लीला वळण लावायचं तर कुणीतरी वाईट व्हायलाच हवं," असं हा दीडशहाणा वर सांगायचा. डोंबलाचं वळण! पोरं करायचं ते करतच होती. अक्कल तेवढी आता सोबत्यांकडून घेत होती, आणि सोबत्यांकडे तरी ती कुठून असणार?

त्याची बायको गल्ल्यावर बसायची. त्या ओरडण्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. पण घरात कटकट नको म्हणून ती मान खाली घालून बिलं फाडत राही.

मग तिचा स्वतःचाच मुलगा, कॉलेजच्या पहिल्या वर्षातला, लघवीला जाताना कळवळायला लागला. ताप अंगावर काढू लागला. काय होतंय विचारलं की वसकन अंगावर यायचा. शेवटी तो अंथरुणातून उठेना, तेव्हा तिने त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नवरा मागोमाग आलाच.

"गुप्तरोग आहे. औषधाने बरा होईल," तपासण्या झाल्यावर डॉक्टरीणबाई मुलाला म्हणाल्या. "पण त्या मुलीलाही औषध द्यायला हवं. मुलींना पुष्कळदा काही जाणवतच नाही, आणि पुढे मूल होणं अवघड होऊन बसतं. मला नाव सांग. माझ्यापाशीच राहील."

मुलगा बोलायला लागणार, तेवढ्यात बाप गरजला, "कोणाची कार्टी आहे ती? आत्ता जाऊन तिच्या बापाला जाब विचारतो!"

मुलाने तोंड मिटलं. बाईंनी बापाला हाताला धरून बाहेर काढलं, पण मुलगा पुढे एक अक्षर बोलला नाही.

घरी आल्यावर आई मुलाच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"मला सांग, राजा. मी तिला गुपचूप डॉक्टरीणबाईंकडे नेईन. बाबांना कळू देणार नाही, तुझी शपथ."

"ती आपल्या दुकानात आली होती, आई," तो भिंतीकडे बघत म्हणाला. "आमच्या दोघांसाठीच. बाबा ओरडले, लोक हसले, ती रडत निघून गेली. तू तिथेच बसली होतीस."

तिने पुष्कळ आठवून पाहिलं. रडत गेलेल्या मुली तिला आठवल्या, पण एकीचाही चेहरा आठवेना. मान तिने कधी वर केलीच नव्हती.