सासऱ्यांचं ओलं तैलचित्र

स्वतंत्र चित्रकार म्हणजे ज्याची बायको नोकरी करते असा माणूस. या व्याख्येत मी सत्तर-बहात्तर सालाच्या सुमारास बसू लागलो. त्याआधी सोलापुरातल्या एका गिरणीच्या डिझाइन खात्यात मी चादरींवरचे मोर काढत होतो. सहा वर्षांत एकाच मोराचं तोंड (वरून हुकूम आल्यामुळे) मी चार वेळा फिरवलं. पाचव्यांदा फिरवायची वेळ आली तेव्हा मोर तिथेच ठेवला आणि मी बाहेर पडलो.

माझी बायको कमल प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. राजीनाम्यानंतरच्या दिवाळीच्या पाडव्याला तिनं मला ओवाळलं आणि तबकाखालून एक शंभर पानी वही काढली.

"हे काय?"

"वार्षिक नियोजन. आम्ही शाळेत करतो तसं. डावीकडं कला, उजवीकडं धंदा. वर्षात काय करणार ते लिहा. पुढच्या पाडव्याला मी तपासणार."

"कमल, कला अशी वहीत मावत नाही."

"मग बारीक अक्षरात लिहा."

मी लिहिलं. डावीकडे: माणूस समोर बसवून एक मोठं तैलचित्र. उजवीकडे: सोलापूरबाहेर लोकांना काम दाखवणे, आणि नवीन गिऱ्हाईक मिळवणे.

पुढच्या पाडव्याला दीड महिना उरला, तेव्हा माझ्या वर्षाची कमाई म्हणजे एका रसवंतीगृहाच्या पाटीवर काढलेला ऊस (लोक त्याला बांबू समजत) आणि एका बँडच्या ढोलावर लिहिलेलं मालकाचं नाव. ढोल वाजून वाजून तेही पुसलं होतं. तैलचित्रासाठी माणूसच मिळेना. मित्र यायचे, बसायचे, चहा प्यायचे आणि नाक काढायच्या आत उठून जायचे. कमल वही फक्त पाण्याच्या माठावर झाकणासारखी ठेवून द्यायची. दिवसातून दहा वेळा माणूस पाणी पितो.

अशात मंद्रूपहून माझे सासरे गुरप्पामामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, महिनाभर शांत बसायचं, मान हलवायची नाही, वाकायचं नाही. चित्रकाराला देवाकडून आणखी काय मागता येईल? मी मामांना मांडी घालून पाटावर बसवलं आणि कॅनव्हास लावला.

अडचण एकच होती. ऑपरेशनच्या डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि दुसरा डोळा मोतीबिंदूनं पांढरा झालेला. मी विचार करून पट्टी गाळली आणि दोन्ही डोळे मिटलेले काढले. ध्यानस्थ बसल्यासारखे दिसतील असा माझा अंदाज. कपाळावर विभूती काढली. मामांना चित्र दिसत नव्हतं, त्यामुळे ते फक्त अधूनमधून विचारायचे, "संपलं काय की?"

चित्र पाडव्याच्या तीन दिवस आधी, संध्याकाळी संपलं. मामांना दिवाळीला घरी जायचं होतं. कमल म्हणाली, "सकाळच्या गाडीनं तुम्ही चित्र घेऊन पुढं जा, भिंतीवर लावून ठेवा. मी बाबांना डॉक्टरांना दाखवून, पट्टी सोडवून दुपारच्या गाडीनं आणते."

सकाळी फ्रेमवाल्यानं चित्र चौकटीत बसवलं आणि वर चंदनाच्या सालीचा हार घातला. "एवढ्या मोठ्या फोटोला आम्ही घालतोच," तो म्हणाला. मान दिल्यासारखं दिसत होतं, म्हणून मीही ठेवला. रंग ओला, त्यामुळे चित्र गुंडाळता येईना. शेवटी एसटीच्या मागच्या बाकावर, मामांचं तोंड लोकांकडे करून, मी ते दोन्ही हातांनी धरून बसलो. टर्पेंटाइनच्या वासानं माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता. कंडक्टर आला, चित्राकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि सामानाचं तिकीट न काढताच परत गेला. भला माणूस, असं मला वाटलं.

शेजारी मंद्रूपच्या एक आजीबाई होत्या. त्या बराच वेळ चित्र बघत होत्या.

"गुरप्पा न्हवं का ह्ये?"

"हो. मी त्यांचा जावई." ओळख पटली म्हणून माझी छाती फुगली.

"कवा झालं ओ?"

"काल संध्याकाळी."

"लई दिस लागलं?"

"सव्वा महिना. मध्ये दोनदा वाटलं, आता काही खरं नाही. पण काल एकदम झालं."

"तरास झाला आसंल की."

"विचारू नका. पाठ धरली, मान धरली."

"शेवटाला काय बोलले का?"

"'बास झालं आता, सोडा मला' म्हणाले."

आजीबाईंनी डोळ्यांना पदर लावला. पुढच्या बाकावरचे दोघंही मान खाली घालून बसले. चित्र बघून रडणारी माणसं आपल्या जिल्ह्यात आहेत, हे मला गिरणीत सहा वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

मंद्रूपला त्या दिवशी बाजार होता. वाऱ्यानं चित्र हातातून उडू नये म्हणून मी ते आडवं धरून, पाय ओढत चाललो होतो. गाडीतली माणसं माझ्या पुढे गेली. मी मामांच्या घरी पोचेपर्यंत निम्मा बाजार उठून अंगणात आला होता. मला पाहताच बायकांनी गळा काढला.

(इथं सांगायला हवं की आमच्या लोकांत माणसाला शेवटचा निरोप बसवूनच देतात, आणि पुरतातही बसवूनच. मांडी घातलेली, डोळे मिटलेले, कपाळावर विभूती. हे मला चित्र काढताना सुचायला हरकत नव्हती.)

कुणीतरी चित्र माझ्या हातातून घेऊन भिंतीला टेकवलं. एका म्हाताऱ्यानं पुढे होऊन मामांच्या कपाळावर खरी विभूती लावली. ती चिकटली. झेंडूची फुलं पडली, ती मिशीत अडकली. सव्वा महिन्याचं काम डोळ्यांदेखत जात होतं.

"हात लावू नका," मी कळवळून म्हणालो. "अजून ओलं आहे."

हे ऐकून बायका जास्तच रडू लागल्या.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ओट्यावर चढून सांगितलं, "अहो, मामांना काही झालेलं नाही. ते दुपारच्या गाडीनं येणार आहेत."

एक वडीलधारे म्हणाले, "दुपारच्या गाडीनं आणायलेत व्हय. मग तयारी करा की लौकर."

दोघं कुदळी घेऊन निघाले. एक जण अक्कलकोटच्या पाहुण्यांना कळवायला सायकलवर गेला. मी त्याच्यामागे धावलो, तर लोकांनी मला धरून खाली बसवलं आणि डोक्यावर पाणी थापलं. "जावयाला धक्का बसलाय," ते एकमेकांना सांगत होते.

तेवढ्यात माझा मेहुणा मल्लू शेतातून धावत आला.

"मल्लू, तुझे वडील ठणठणीत आहेत," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाले, आता काही काळजी उरली नाही."

मल्लूनं चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दाजी," तो म्हणाला, "मला तरी फसवू नका ओ." आणि माझ्या गळ्यात पडून असा रडू लागला की मलाही रडू आवरेना. माझी कारणं वेगळी होती.

दुपारची गाडी आली. कमल पिशव्या उतरवेपर्यंत मामा काठी टेकत, ओळखीच्या बोळातून पुढे आले. आपल्या अंगणात गर्दी आहे एवढं त्यांना कळलं. ते सगळ्यांच्या मागे, शेजारच्या बसप्पाजवळ जाऊन बसले. बसप्पा पटक्याच्या टोकात तोंड खुपसून रडत होता.

"कोण गेलं?" मामांनी हळूच विचारलं.

"गुरप्पा."

"याव गुरप्पा?" कुठला गुरप्पा, असं मामांनी कानडीत विचारलं.

"नम्म गुरप्पा री. आपला. दुसरा कुटला?"

मामांना वाईट वाटलं. जरा वेळानं म्हणाले, "माणूस चांगला असंल."

"चांगला हुता. पर बांदावरचं माजं लिंबाचं झाड तोडलं त्यानं. त्ये मी मरंस्तवर इसरणार न्हाय."

"ते झाड माझ्या बांधात होतं," मामा म्हणाले.

बसप्पानं पटका खाली केला. पुढचं नीट सांगता येत नाही, कारण अंगण रिकामं व्हायला अर्धं मिनिट लागलं आणि त्यात मी दोनदा तुडवला गेलो.

कमल आत आली. "काय सांगितलंत तुम्ही लोकांना?"

"काही नाही. काल संध्याकाळी झालं, एवढंच."

दिवेलागणीला अक्कलकोटहून जीप भरून पाहुणे रडत आले. मामांनीच दारात उभं राहून त्यांची समजूत काढली. आलेच आहेत तर दिवाळी करून जाऊ, असं पाहुण्यांचं ठरलं. पुढचे दोन दिवस कमल आणि तिची भावजय चुलीपुढून उठल्या नाहीत. मी पाणी भरलं, लाकडं फोडली आणि कुणाच्या नजरेला नजर दिली नाही.

मामांनी चित्र बघितलं ते दुसऱ्या दिवशी. पट्टी सुटलेला, पण अजून चष्मा न मिळालेला डोळा अगदी जवळ नेऊन, मिशीतल्या झेंडूपासून मांडीपर्यंत सावकाश बघितलं.

"हा मी?"

"हो, मामा."

"मग लोकांचं काय चुकलं न्हाय, जावईबापू," ते म्हणाले आणि आत गेले.

पाडव्याला पाहुण्यांच्या पंगती उठल्यावर कमलनं पिशवीतून वही काढली. मला वाटलं होतं, या गोंधळात वही सोलापुरातच राहिली असेल.

"मोठं तैलचित्र. झालं," ती वाचू लागली. "सोलापूरबाहेर लोकांना दाखवणं. तेही झालं." मग तिनं पेन्सिल थांबवली. "नवीन गिऱ्हाईक?"

मी काही बोलणार, तोच बसप्पा ओट्यावर आला. इकडेतिकडे पाहून माझ्याजवळ सरकला.

"जावई, माजं बी चित्र काडा की एक. अन् आसंच गाडीनं गावात आणा. कोण कोण रडतंय, मला बगायचं हाय."

"मी येणार न्हाय," आतून मामांचा आवाज आला.

"बसप्पाकाका," मी म्हणालो, "तुमचं चांगलं काढतो. डोळे उघडे, चेहरा हुबेहूब. घाई करणार नाही."

"चेऱ्याचं ऱ्हाऊ द्या ओ," बसप्पा म्हणाला. "जित्ता माणूस मेल्यागत काडायचा, ह्यात तुमचा हात धरणारा जिल्ह्यात कोण न्हाय. तुमी आपलं तेवडंच काडा."

माझ्या कलेचं इतकं मनापासून कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं. त्यानंतरही कुणी केलं नाही. बसायला कोणता वार सोयीचा पडेल, एवढंच मी त्यांना विचारलं.