बोथट छिन्नी

एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत चेरीताल मोहल्ल्यात आमच्या गल्लीतली पाण्याची जुनी लोखंडी लाइन सांध्यातून गळू लागली. गल्लीतला फिटर कारखान्यात डबल ड्यूटीवर होता. बाहेरून आलेल्या प्लंबरने पाणी बंद करून सांध्यात ताग भरला आणि वितळलेलं शिसं ओतलं. ते ठोकून बसवायचं औजार मात्र त्याच्याजवळ नव्हतं. फिटरच्या बायकोने नवऱ्याच्या पेटीतून वाकड्या मानेची एक जाड छिन्नी काढून दिली.

या वहिनी आमच्या शेजारी राहत. त्या हळू कधी बोलत नसत आणि नवऱ्याच्या कामाला नेहमी ‘आमचं काम’ म्हणत. पेटीला परक्याचा हात लागलेला त्यांना खपत नसे.

"वहिनी, हिची तर धारच गेली," म्हणत प्लंबर छिन्नी दगडावर घासायला बसला. वहिनींनी ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"काहून घासून राहिले जी? धारेनं शिसं कापलं जाते. यानं ते दबते अन् फट बुजते. हे औजार बोथटच असते."

"तुम्ही ठोकलं कधी?"

"ठोकलं नाही, पण त्यांच्याजवळ कंदील धरून बसत असते. गळलं तर नाव आमचं जाईल. चलो, ठोका आता."

तो ठोकू लागला. वहिनी कमरेवर हात ठेवून ऐकत उभ्या राहिल्या. शिसं घट्ट बसून ठोक्याचा आवाज बदलला, तेव्हा त्यांनीच "बस" म्हटलं.

दुपारी लाइनीत पाणी सोडलं. संध्याकाळी ड्यूटीवरून आलेल्या फिटरने सांध्याखाली तळहात फिरवला. हात कोरडा होता.