मेव्हण्याचं नाव

आमच्या बेटावरच्या कोकोडाच्या डोंगरवाटेवर हल्ली पाहुणे येतात. काठ्या टेकत, धापा टाकत चढतात आणि मला विचारतात, "आजी, इथल्या लढाईचं महत्त्व काय हो?" माझ्या नवऱ्याला, तोरोगाला विचारायचं होतंत; तो तर गेला. जपानी इथूनच मागे हटले, समुद्रापलीकडचा गोऱ्यांचा देश वाचला, असं म्हणतात. वाचला असेल बापडा! मला काय त्याचं?

तोरोगा दणकट गडी. गोऱ्यांनी त्याला हमालीला धरून नेलं. जाताना पाठीवर दारूगोळा, येताना कांबळ्याच्या झोळीत जखमी. चिखलात फुगलेली प्रेतं, त्यांच्यावर पाय देऊनच चालायचं. आणि माझ्या पाठच्या भावाला, उंबारीला, जपान्यांनी तांदळाची पोती वाहायला जुंपलेलं. म्हणजे मरण कुठूनही आलं तरी आमच्याच घरात येणार.

उंबारी पळाला. पळताना जपान्यांनी बंदुकीच्या दस्त्यानं त्याचा जबडा फोडला. तसाच रक्त ओकत तो जंगलातून घराकडे निघाला आणि नेमका तोरोगाच्या टोळीपुढे येऊन पडला. अंगात जपानी सदरा! गोऱ्या शिपायानं बंदूक रोखली.

"हेर दिसतोय. ओळखतोस याला?"

"ओळखतो म्हणजे काय! मेव्हणा आहे माझा," तोरोगा म्हणाला.

"तुमच्यात सगळेच सगळ्यांचे मेव्हणे. नाव सांग."

उंबारीच्या तोंडातून नुसते रक्ताचे बुडबुडे. आमच्यात बायकोच्या भावाचं नाव जिभेवर आणत नाहीत. आणलं तर लोक तोंडावर थुंकतात.

"माझ्या बायकोच्या पाठचा. आमच्याच गावचा. माझ्या पोरांचा मामा." सगळं सांगितलं मेल्यानं, नाव सोडून!

"सख्ख्या मेव्हण्याचं नाव येत नाही? खोटारड्या!" शिपायानं चाप ओढला. माझ्या भावाचं डोकं फुटून तोरोगाच्या पायांवर उडालं.

लढाई सरल्यावर तो घरी आला आणि अंगणात बसून त्यानं हे सांगितलं. मी अळूचे कंद सोलत होते. कुऱ्हाड उचलली नि पहिला घाव त्याच्या हातावर घातला. हाड मोडल्याचा आवाज आला. त्यानं हात मागेसुद्धा घेतला नाही.

"आता घे नाव!" मी किंचाळले. "घे, नाहीतर दुसरा मानेवर बसेल!"

"अगं, काय बोलायला लावतेस त्याला!" सासू धावत आली.

तोरोगानं माझ्याकडे पाहिलं. "उंबारी," तो म्हणाला.

सासू थबकली. मग पुढे होऊन पोटच्या पोराच्या तोंडावर पचकन थुंकली. तो तसाच बसून राहिला.

माझ्या हातातली कुऱ्हाड गळली. मी खाली बसले, तळहातानं त्याचा गाल पुसला आणि हंबरडा फोडला. एवढ्याशा थुंकीपायी माझा भाऊ मेला होता.