रस ऐकतो, बुरशी ऐकत नाही

"रस ऐकतो, बाई," असं म्हणून साहेब कागदाची पट्टी पाण्यात बुडवायचे आणि डोळ्यांजवळ धरायचे. चष्मा कपाळावर असायचा. तो खाली घ्यायचं त्यांना कधी सुचलं नाही.

रस म्हणजे उसाचा. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याच्या लॅबमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. रस मुळात आंबट असतो. त्यात मापात चुना टाकला की आंबटपणा मरतो आणि साखर नीट पडते. किती टाकायचा ते पट्टीचा रंग सांगतो. आंबटाला नारिंगी, चुन्याला निळा. तुमच्याही पाहण्यात असा माणूस असेल, ज्याला एक गोष्ट पक्की येते आणि वाटतं की जग तेवढ्यावरच चालतं.

रिटायर झाल्यावर त्यांनी घरामागे, कालव्याच्या कडेला, अळिंबीची शेड घातली. बायको आधीच वारली होती. कामाला मी आणि शेजारची सायरा. मी चौथी शिकलेली. जे पाहिलं ते लिहिते. कळलं नाही तेही लिहिते, आणि तेच जास्त आहे.

सोयाबीनचं भुसकट चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, निथळायचं, पिशवीत थर द्यायचे, मध्ये अळिंबीचं बी पेरायचं आणि पिशव्या टांगायच्या. काही दिवसांत आत पांढरं जाळं पसरतं आणि मग छत्र्या फुटतात. आमच्या पिशव्या मात्र हिरव्या पडायच्या. हिरवी बुरशी चढली की पिशवी गेली.

त्यांचा मुलगा पुण्याला. तो फोनवर ओरडायचा आणि फोन स्पीकरवर असायचा. "अप्पा, ही शेवटची खेप. ही पण फुकट गेली तर शेडला कुलूप आणि तुम्ही इकडं यायचं."

"बरं," असं त्याला म्हणायचे. मग आमच्याकडे वळून, "पुण्यात मी करू काय? सातव्या मजल्यावर?"

"लिफ्ट हाय की साहेब," सायरा म्हणाली.

"लिफ्टमध्ये किती वेळ बसू?"

त्यांना जायचं नव्हतं. एवढं मात्र मला सरळ कळत होतं.

चुन्यानं हात सोलून निघतात. म्हणून आम्ही दोघी कोपऱ्यात आंबट ताकाचं गाडगं ठेवायचो. भुसकट उपसून झालं की हाताला ताक चोळायचं, आग थांबते. एक दिवस साहेबांनी ते गाडगं पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. चोर सापडल्यासारखा.

"हे काय? ताक? अहो, मी चुना टाकून आंबट मारतोय आणि तुम्ही आंबट हात पिशवीत घालताय! हिरवीला आंबटच आवडतं."

"आमी हाताला लावतो साहेब, पिशवीला न्हाई," सायरा म्हणाली.

"हात कुठं जातात मग?"

गाडगं बाहेर गेलं. आम्हाला रबरी हातमोजे मिळाले. ते सायराला कोपरापर्यंत यायचे आणि आत घामानं पाणी साठायचं. ती बोटं वर करून ते पाणी कोपरातून ओतून दाखवायची.

पण माणूस सरळ होता. त्यांनी काही पिशव्या ताकाच्या हातांनी आमच्याकडून भरून घेतल्या आणि काही स्वतः, मोजे घालून, तोंडाला फडकं बांधून भरल्या. हिरव्या दोन्ही पडल्या. साहेबांच्या आधी.

सायरा हसू दाबायला कालव्याकडे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब घरून स्टीलच्या डब्यात ताक घेऊन आले आणि कोपऱ्यात ठेवून गेले. ताक फारच पातळ होतं. आम्ही ते हाताला लावलं.

मग साहेब बिघडले. म्हणजे काम सोडून विचार करू लागले. एक पिशवी फाडून हिरव्या जागी पट्टी लावली. नारिंगी. बाजूच्या कोऱ्या भुसकटाला लावली. निळी.

"चुना सगळीकडे मीच घातला, बाई. मग इथं आंबट कोणी केलं?"

"मला काय इचारता? ताक तर न्हाई ना?"

"नाही हो. या हिरवीनंच केलं. हिला चुना सोसत नाही. मग आपल्यातनं आंबट सोडते आणि जागा हवी तशी करून घेते. आपण निळं करायचं, हिनं नारिंगी."

"पण चुना हाय हे तिला कळतं कशानं? नाक न्हाई, जीभ न्हाई."

त्यांनी मोबाईलवर बरंच वाचलं होतं. बुरशीच्या अंगावरच काहीतरी पहारेकऱ्यासारखं असतं म्हणाले. बाहेर बदल झाला की ते आत निरोप धाडतं, आणि आतला कारभार बदलतो.

"आत कोन हाय निरोप घ्यायला? डोकं हाय का तिला?"

"नाही."

"मग?"

"तेच तर," असं म्हणून ते उलट्या बादलीवर बसले. मीही बसले. आम्ही दोघं त्या पिशवीकडे बघत राहिलो. सायरा म्हणाली, "मयत झाल्यावानी काय बसलाय?"

शेवटच्या खेपेत एक पिशवी मात्र चांगली पांढरी झाली. साहेबांनी कौतुकानं तिलाही एक भोक पाडून पट्टी लावली. पट्टी नारिंगी.

"ही पण?" ते म्हणाले. "बाई, माझी अळिंबी पण तेच करते हो. मग मी इतके दिवस कोणाशी भांडत होतो?"

छत्र्या त्या एकाच पिशवीला आल्या. सायरानं त्यांची भाजी केली. साहेबांना आवडली असावी, त्यांनी पुन्हा वाढून घेतली.

मुलगा गाडी घेऊन आला. शेडला कुलूप लागलं. जाताना साहेब पुढच्या सीटवर बसले तेव्हा त्यांच्या बोटांच्या पेरांत चुना होता. सून मागून सारखी म्हणत होती, "अप्पा, हात पुसा."

मध्यंतरी त्यांचा फोन आला. मी सरळ विचारलं, "रमलात का तिकडं?"

आवाज खाली घेऊन म्हणाले, "माणसं चांगली आहेत, बाई. पण आमटी फार गोड करतात."

"सांगा की मग सुनंला."

"दोनदा सांगितलं. नाही ऐकत."

"मग काय करता?"

"लिंबू पिळून घेतो."