साडूंनी शिवलेले शेवटचे प्रकरण

जालना जिल्ह्यात पुस्तक अर्धवट सोडणारी माणसे गावोगाव सापडतील. परंतु पुस्तक जिवापाड आवडीने वाचून, शेवटच्या प्रकरणाशी आल्यावर तेवढी पाने दाभण-सुतळीने शिवून टाकणारा इसम माझ्या माहितीप्रमाणे एकच आहे, आणि ते माझे साडू आहेत. हे विधान मी जबाबदारीने करीत आहे. जाफराबादच्या तहसील कचेरीसमोर मी गेली बावीस वर्षे अर्जनवीस म्हणून बसतो. माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी अर्ध्या तालुक्याची गाऱ्हाणी माझ्याच अक्षरात साहेबांच्या टेबलावर गेलेली आहेत. एवढ्या माणसांत असा दुसरा नमुना मला आढळलेला नाही.

साडूंचे टेंभुर्णीला बारदान्याचे दुकान आहे. जुनी पोती ठिगळे लावून विकणे आणि हंगामात लोकांचा माल पोत्यांत भरून, तोंडे शिवून देणे हा त्यांचा व्यवसाय. एकदा जालन्याहून आलेल्या पोत्यांच्या गठ्ठ्यात एक बिनकव्हरचे पुस्तक निघाले आणि तेव्हापासून त्यांना हा नाद जडला तो जडलाच. वाचायचे ते फक्त खरे घडलेले. त्यातही तीनच प्रकार: एखाद्या छंदापायी झपाटलेली माणसे, शोध लावणारी व कारखाने काढणारी माणसे, आणि निरनिराळ्या धर्मांचा इतिहास. माझ्या पत्नीने एकदा त्यांना मोठ्या प्रेमाने एक कादंबरी दिली. आठ दिवसांनी ती परत आणून ते म्हणाले, "अक्का, ह्यातला माणूस कधी झालाच न्हाई. मंग त्याची काळजी मी कामून करू?"

काळजी हा शब्द त्यांनी उगाच वापरलेला नव्हता. पुस्तकातली माणसे त्यांच्या लेखी आज, आत्ता, बांधापलीकडे कुठेतरी खटपट करीत असतात. एके दिवशी भर कचेरीच्या वेळेत, मी एका वारस नोंदीचा नाजूक मजकूर रचत असताना, त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, बुडाला!" आमच्या सासुरवाडीला विहीर फार खोल आहे. "कोण बुडाला?" असे मी कसेबसे विचारले. "आपला काचवाला. भट्टी फुटली त्याची. चौथ्या बारीला." हा काचवाला कोणत्यातरी सातासमुद्रापारच्या देशात होऊन गेलेला होता. मागून माझ्या मेहुणीचा आवाज आला, "दाजी, त्या काचवाल्यापायी सकाळधरनं भाकर खाल्ली न्हाई ह्यांनी. तुम्ही तरी सांगा." लोकांचे समाधान करणे हा माझ्या कामाचाच भाग असल्यामुळे मी शांतपणे विचारले, "पुस्तकाची किती पाने शिल्लक आहेत?" "अर्ध्याच्या वर." "मग तो पुन्हा उभा राहणारच. नाहीतर एवढी पाने कशाने भरली असती?" फोनवर पाने चाळल्याची फडफड ऐकू आली. मग साडू म्हणाले, "बराबर," आणि भाकर खायला बसले.

मात्र जसजशी पाने कमी होत जात, तसतसे ते अस्वस्थ होत. शेवटचे प्रकरण आले की दाभण बाहेर निघे. पोत्याचे तोंड शिवावे तसे टपोरे टाके घालून ते पुस्तकाचा शेवट बंद करून टाकीत. टेंभुर्णीत एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या आईवडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली असल्याने धर्मांचा इतिहास हा त्यांच्या घरातला जिव्हाळ्याचा विषय. त्यांनी विश्वासाने दिलेले एक जाडजूड पुस्तक साडूंनी असेच शिवून परत केले, तेव्हा गुरुजी भर चौकात संतापले. "अहो, सगळं सार शेवटी असतंय! तुम्ही पुस्तकाला काय हरभऱ्याचं पोतं समजले?"

"गुरुजी," साडू हात जोडून म्हणाले, "ज्यानं सुरू केलं त्यो हयात हाय तवर सगळे एका पंगतीत जेवून राह्यले. पुढं त्यो जातो आन् पंगती वेगळ्या व्हतात. सगळ्याच धर्मांत बघितलं मी. म्हणून जेवणं चालू हायेत तिथंच शिवलं." गुरुजी पुस्तक बगलेत मारून घरी गेले. ती सुतळी त्यांनी अद्याप कापलेली नाही, असे त्यांच्या घरून समजते.

आता साडूंनी केलेल्या यंत्राविषयी. पोते भरण्याला दोन माणसे लागतात. एकाने टोपल्याने माल ओतायचा आणि दुसऱ्याने पोत्याचे तोंड ताणून धरायचे. लग्नापासून हे तोंड माझ्या मेहुणीने धरलेले आहे. समोरासमोर, हातभर अंतरावर, मध्ये पोते. आणि टोपल्यामागून टोपले ओतताना साडू तिला आदल्या दिवशी वाचलेले सांगत. परंतु तीन वर्षांपूर्वी तिचे उजवे मनगट सुजू लागले. जालन्याच्या डॉक्टरांनी बजावले, की ताणून धरण्याचे काम बंद केले नाही तर हात कायमचा जाईल. त्या दिवसापासून साडूंनी एकट्या माणसाला पोते भरता येईल असे यंत्र करायला घेतले. सायकलची रिम, खाटेचे पाय, छत्रीच्या काड्या आणि ठिकठिकाणी वाकवलेले आकडे, असे त्याचे रूप होते. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे, की ते यंत्र पोत्याचे तोंड उत्तम धरीत असे. परंतु दर वेळी ते नीट चालले, की साडू म्हणत, "एक शेवटचं राह्यलं," आणि सगळे पुन्हा सुटे करून टाकीत. तोवर मेहुणी मनगटाला फडके बांधून पुढे होई. तिची मूठही धड मिटत नव्हती, आणि सोयाबीनचा हंगाम तोंडावर आलेला होता.

तेव्हा मीच पुढाकार घेतला. तालुक्याला कृषी प्रदर्शन भरणार होते. त्यात यंत्र मांडायचे ठरले, की ते सुटे करता येणार नाही, असा माझा हिशेब. अर्ज मी असा लिहिला, की वाचणाऱ्याने उभे राहून वाचावा. अडचण एकाच ओळीची आली. "सदर यंत्र पूर्ण झालेले असून" या शब्दांखाली सही करायला साडूंनी साफ नकार दिला. "बव्हंशी पूर्ण" लिहून पाहिले; कारकुनाने ते परत केले.

"साडूभाऊ, पूर्ण झालं म्हणलं की शेवटचं प्रकरण लागतं," ते म्हणाले.

"तुमचं प्रकरण ऱ्हाऊ द्या," मेहुणी आतून ओरडली, "माझ्या हाताचं प्रकरण मिटवा आधी!"

या प्रसंगानंतर माझे कुतूहल मला स्वस्थ बसू देईना. शिवलेल्या पानांत असे आहे तरी काय? मी त्यांच्याकडून एक पुस्तक मागून आणले, सुतळीला हात न लावण्याच्या बोलीवर. ते मळणीचे यंत्र करणाऱ्या एका लोहाराचे चरित्र होते. तीन दिवस ते माझ्या टेबलावर पडून होते. चौथ्या दिवशी दुपारी, पक्षकार जेवायला गेले असता, मी खाडाखोडीसाठी ठेवलेले ब्लेड काढले आणि टाके कापले. बोली मोडल्याचे मी इथे मान्य करतो. त्यानंतर मी जे वाचले ते दोन वेळा वाचले आणि तसाच उठून टेंभुर्णीची एसटी पकडली.

कापलेली सुतळी पाहताच साडूंचा चेहरा उतरला. मेहुणीने चहा आणला, तो तसाच निवला. मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारले, "मंग… मेला का?"

"मेला. दोन ओळींत."

"आन् प्रकरण केवढं हाय?"

"सोळा पानांचं."

आता मात्र त्यांनी मान वर केली. "मंग बाकीच्या पानांत काय हाय?"

"बाकीच्या पानांत लोक त्याचे यंत्र वापरताहेत," मी म्हणालो. "कोणी त्याला चाके लावतो, कोणी दाते बदलतो. एका गावात तर त्याचे नावही कोणाला ठाऊक नाही, पण यंत्र घरोघरी आहे."

"दोनच ओळी?"

"मोजून घ्या."

त्यांनी पुस्तक हातात घेतले आणि खरोखरच बोट ठेवून ओळी मोजल्या. मग ते उठले, अर्ज मागितला, आणि सही केली. मेहुणी मला म्हणाली, "दाजी, इतके दिवस कुठं गेल्ते तुम्ही?"

प्रदर्शनात यंत्राला बक्षीस मिळाले नाही. त्याऐवजी केदारखेड्याच्या तिघांनी सगळी मापे दोरीने घेऊन नेली, आणि महिन्याभरात तिकडच्या एका शेतात तसेच यंत्र उभे असल्याचे मी समक्ष पाहिले. त्याला खाली दोन चाकेही लावलेली होती. साडूंचे नाव विचारले, तर कोणाला माहीत नाही. माझे रक्त उसळले. मी त्याच दिवशी एक कडक तक्रारअर्ज तयार करून टेंभुर्णीला नेला. साडूंनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि मला परत केला.

"चाकं लावले?" त्यांनी विचारले. "खालून का बाजूनं?"

"खालून."

"बिलकुल बराबर," ते म्हणाले. "साडूभाऊ, आपली सोळा पानं सुरू झाली."

तो अर्ज अजून माझ्या पेटीत आहे. परवा सहज टेंभुर्णीला गेलो होतो. दुकानात यंत्राने पोत्याचे तोंड धरलेले होते आणि साडू एकटेच सोयाबीन ओतीत होते. मेहुणीला आता तिथे काहीही काम नाही. तिच्या मनगटाची सूज उतरलेली आहे. तरीही ती पूर्वीच्याच जागी, यंत्राच्या पलीकडे, रिकाम्या बारदान्यावर बसलेली होती, आणि तिचे हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे मांडीवर पडलेले होते. साडूंनी टोपले भरायला पाठ फिरवली, तसा तिने हळूच एक हात पुढे करून पोत्याच्या काठाला लावला.

"मंग?" ती म्हणाली. "काल कुठवर आल्ता त्यो?"