शांतासाठी कोणत्या सरांना विचारायचं?

मंडळी, आज सकाळी अंघोळ करून मी मारोतीपुढं दोन चिठ्ठ्या ठेवल्या. माझ्या शांताला नागपूरच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात अर्ज करायचा आहे. सोबत तिच्या एका प्राध्यापकाचं शिफारसपत्र लागतं. एका चिठ्ठीवर मोठ्या प्रोफेसरांचं नाव होतं, दुसरीवर बेडूक कापायला शिकवणाऱ्या तरुण सरांचं. या सरांनी पहिल्याच दिवशी, बेडूक कापताना हात थरथरला म्हणून, तिला वर्गाबाहेर काढलं होतं.

चिठ्ठी उचलायला मी शांतालाच बोलावलं. तिनं हात मागं घेतला.

"बाबा, मारोतीनं मले बेडूक कापताना पाह्यलं काय? सरायनं पाह्यलं. मोठ्या प्रोफेसराले त माहं नावबी ठाऊक नाही."

"अन् पोरीचा हात थरथरते, असं त्यायनं लेहून देलं त?"

"पह्यल्या दिवशी थरथरलाच होता. मंग कसा थांबला, थेबी त्यायनंच पाह्यलं."

तिचं म्हणणं मला पटलं. पण धाकधूक गेलेली नाही. मोठ्या नावाचा आधार सोडून मी पोरीचं नुकसान तर करत नाही ना? तुमच्यापैकी कोणी लेकरासाठी असं पत्र मागितलं असेल, तर कोणाकडं गेलात, तेवढं सांगा.

अर्जाची मुदत जवळ आल्यानं तुमचं उत्तर येईपर्यंत थांबायला मात्र वेळ नव्हता. दुपारी मारोतीला नमस्कार केला, चिठ्ठ्या न उघडताच उचलल्या, आणि तरुण सरांच्या नावानं शांतानं लिहिलेलं विनंतीपत्र आमच्या अनसिंग गावच्या टपालपेटीत टाकून आलो.