बॉनेटखालची बाटली

माझे सासरे कोर्टात शिरस्तेदार होते. उभी नोकरी खोटं बोलणाऱ्यांच्या साक्षी ऐकण्यात गेल्यामुळे आपल्याला कोणीही फसवू शकत नाही, अशी त्यांची पक्की समजूत होती. म्हणूनच त्यांना फसवणं फार सोपं होतं.

पेट्रोल महाग झाल्याची चर्चा रोज सकाळी तळजाईच्या टेकडीवर होत असे. तिथे बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, निवृत्तांचा कट्टा जमायचा. कट्ट्यावरच्या एका माजी बँक मॅनेजरांनी बातमी आणली की वाघोलीला एक माणूस गाडीला पाण्याची बाटली बसवून देतो. पाण्यातून हायड्रोजन निघतो, तो इंजिनात जातो आणि ॲव्हरेज वाढतं. बाबा त्याच आठवड्यात आमची जुनी पांढरी गाडी घेऊन वाघोलीला गेले आणि संध्याकाळी विजयी चेहऱ्याने परतले.

आम्हाला सगळ्यांना पार्किंगमध्ये बोलावून त्यांनी बॉनेट उघडलं. बॅटरीशेजारी लोणच्याच्या बरणीएवढी प्लास्टिकची बाटली पट्टीने आवळली होती. आत स्टीलच्या पट्ट्या, त्यांना बॅटरीच्या वायरी, आणि झाकणातून निघालेली एक बारीक नळी थेट हवेच्या पाइपात. इंजिन चालू केल्यावर पाण्यात बुडबुडे येऊ लागले.

सासूबाईंनी चष्मा वर करून पाहिलं. "अहो, पाणी मिळालं हे बरं झालं. आता वाटेत चहाचीही सोय करून घ्या."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. गप्प बसणं मला जमलं असतं, पण बाबांनीच विचारलं, "काय गं, तुझ्या शास्त्रात बसतंय ना हे?"

"बुडबुडे बसतात. ॲव्हरेज बसत नाही," मी म्हणाले. "बाबा, पाणी फोडायला वीज लागते. ती वीज अल्टरनेटरमधून येते, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं आणि इंजिन पेट्रोलवर चालतं. म्हणजे पेट्रोल जाळून हायड्रोजन करायचा आणि तो परत इंजिनात जाळायचा. या फेऱ्यात प्रत्येक ठिकाणी थोडं थोडं वायाच जाणार."

"तो म्हणतो, हायड्रोजनमुळे उरलेलं पेट्रोलसुद्धा पूर्ण जळतं."

"ते आधीच जवळजवळ सगळं जळतं. आणि हा एवढासा वायू म्हणजे उदबत्तीवर भात शिजवण्यातला प्रकार."

बाबांनी बॉनेट बंद केलं. "तुझं हे सगळं वर्गात ठीक आहे. मला थिअरी नको. मला पुरावा लागतो."

आणि पुरावा मिळाला! महिन्याभरातच गाडीचं ॲव्हरेज खरोखर वाढलं. बाबा टाकी काठोकाठ भरायचे, पुढच्या वेळी किती पेट्रोल बसलं ते पाहायचे, आकडा जेवणाच्या टेबलावर जाहीर करायचे आणि मग वरणाची वाटी माझ्याकडे अशी सरकवायचे की जणू ती नोटीसच. टेकडीवर त्यांची व्याख्यानं सुरू झाली. ती ऐकून आणखी तिघा-चौघांनी वाघोली गाठली. माझा नवरा या वादात पडला नाही. तो स्कूटरवर जायचा आणि दोन्ही बाजूंना मान डोलवायचा.

एका शनिवारी आंबे आणायला मी बाबांबरोबर मार्केट यार्डला गेले, तेव्हा मला काय चाललंय ते दिसलं. पूर्वी बाबांची गाडी चालवण्याची पद्धत अशी होती की जणू पुढच्या प्रत्येक वाहनाने त्यांचा वैयक्तिक अपमान केला आहे. जोरात पळवायची, करकचून ब्रेक मारायचा, हॉर्न वाजवत राहायचं. आता ते मांडीवर तान्हं बाळ असल्यासारखी गाडी चालवत होते. सिग्नलला इंजिन बंद. चढावर घाई नाही. टायरमध्ये हवा भरलेली. छतावरचा लोखंडी कॅरिअरसुद्धा काढून टाकलेला.

"कॅरिअर का काढलात?"

"बाटलीवाल्याने सांगितलं. हवेला अडथळा होतो. आणि गाडी हळू चालवायची, म्हणजे हायड्रोजन नीट मिसळतो."

"बाबा, मग ॲव्हरेज बाटलीमुळे वाढलं की तुमच्यामुळे?"

त्यांनी आरशात पाहिलं. मागून एक टेम्पोवाला हॉर्नवर हॉर्न मारत होता. बाबांनी त्याला शांतपणे पुढे जाऊ दिलं. लग्न होऊन मी या घरात आल्यापासून असं दृश्य पाहिलं नव्हतं.

पण प्रश्न त्यांना लागला असावा. रात्री जेवताना स्वतःच म्हणाले, "ठीक आहे. पुरावा कसा घ्यायचा ते तू सांग. पण दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या पाहिजेत."

मी सांगितलं ते अगदी साधं होतं. बाटलीच्या वायरीत एक स्विच टाकायचा, तोही शेजारच्या सीटच्या बाजूला, डॅशबोर्डखाली. गाडी बाबांनी चालवायची, तीही आता चालवतात तशीच. बाटली चालू आहे की बंद, ते त्यांना कळता कामा नये. ते फक्त शेजारी बसणाऱ्या माणसाला ठाऊक. रस्ता तोच, पंप तोच, वेळ तीच.

"शेजारी कोण बसणार?" नवऱ्याने विचारलं. सगळ्यांनी सासूबाईंकडे पाहिलं.

स्विच आणायला मी बुधवार पेठेत गेले. दुकानदाराने मान वर न करता विचारलं, "कशासाठी पाहिजे?"

"पाण्यावर चालणाऱ्या गाडीसाठी."

"पाण्यावर होड्या चालतात," तो म्हणाला आणि स्विच काउंटरवर ठेवला.

मग आमचे रविवार सुरू झाले. भल्या पहाटे, नगर रस्त्यावर गर्दी व्हायच्या आत, सहकारनगरहून निघून वाघोलीच्या पुढपर्यंत जायचं आणि परत यायचं. मी मागच्या सीटवर. निघण्यापूर्वी सासूबाई पदराआड नाणं उडवायच्या; छापा पडला तर चालू, काटा पडला तर बंद. डॅशबोर्डवर बाटलीचा एक लाल दिवा होता. तो दिसू नये म्हणून त्यांनी त्यावर आपली सगळ्यात मोठी टिकली चिकटवली. गाडीला हळदीकुंकवाला निघाल्यासारखी शोभा आली.

पहिल्याच रविवारी येरवडा ओलांडल्यावर बाबा म्हणाले, "आज चालू आहे. इंजिन बघ कसं लोण्यासारखं चाललंय."

सासूबाई खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "रस्त्याकडे बघा."

प्रत्येक फेरीत बाबा अंदाज सांगत. सासूबाईंच्या चेहऱ्यावरून काही कळत नसे. त्या कुठे काही लिहूनही ठेवत नव्हत्या. मला काळजी वाटली, तर म्हणाल्या, "तुझे सासरे माझ्याशी कधी आणि कशावरून भांडले, ते सगळं माझ्या लक्षात आहे. एवढंसं चालू-बंद राहणार नाही होय?"

पावसाळा तोंडावर आला तसं बाबा म्हणाले, "पुरे. आता निकाल."

स्वयंपाकघरात बसलो. बाबांनी प्रत्येक रविवारचं पेट्रोल सांगितलं आणि सासूबाईंनी भाजी निवडता निवडता "चालू", "बंद", "बंद", "चालू" असं सांगितलं. फरक नव्हता. म्हणजे थोडं इकडेतिकडे होतं, पण एका दिवशी वाटेत म्हशी आडव्या आल्या तरी होईल एवढंच. बाटली बंद असतानाही वाढलेलं ॲव्हरेज तसंच वाढलेलं होतं. आणि बाबांचे अंदाज जितके बरोबर, तितकेच चूक. लोण्यासारखं इंजिन ज्या दिवशी चाललं, त्या दिवशी बाटली बंद होती.

मी जिंकले होते, पण बाबांचा चेहरा पाहून मला मजा येईना. शेवटी ते उठले, म्हणाले, "चल. त्याला भेटून येऊ."

वाघोलीत रस्त्याला लागून पत्र्याची मोठी शेड होती. मालक तिथलाच. वडिलार्जित जमिनीवर शेजारी इमारती उभ्या राहिल्या होत्या, उरलेल्या तुकड्यात त्याने हे सुरू केलं होतं. पांढरा कडक शर्ट, बोटात अंगठ्या, अत्यंत अगत्यशील. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा मागवला. बाबांनी सगळी हकीकत क्रमाने सांगितली.

त्याने ती मन लावून ऐकली. मग विचारलं, "साहेब, ॲव्हरेज वाढलं का न्हाई, तेवढं सांगा."

"वाढलं."

"मंग?"

"पण बाटलीमुळे नाही."

"मंग कशामुळं?"

"मी गाडी हळू चालवायला लागलो म्हणून."

"आन् हळू कवापासनं चालवाय लागला?"

"बाटली बसवल्यापासून."

"मंग बाटलीमुळंच हाय की!" तो हसून म्हणाला. "घ्या, च्या घ्या."

आयुष्यभर भल्याभल्या वकिलांची उलटतपासणी ऐकलेले माझे सासरे बशीत चहा ओतून निमूट प्यायले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "हा आमच्याकडे वकील झाला असता तर मोठा झाला असता." आणि मग मोठ्याने हसले. मीही हसले. येताना कितीतरी दिवसांनी आम्ही दोघं हायड्रोजन सोडून इतर विषयांवर बोललो.

अवघड भाग पुढेच होता. ज्यांना बाबांनी बाटल्या बसवायला लावल्या होत्या, त्या सगळ्यांना त्यांनी टेकडीवर उभं करून सांगितलं, "माझं चुकलं. बाटलीचा उपयोग नाही. हळू चालवा, हवा भरा, तेवढंच पुरे." त्यांना वाटलं होतं, लोक आभार मानतील. लोक चिडले. बँक मॅनेजर म्हणाले, "तुमची बाटली खराब असेल. माझी उत्तम चालते."

"मग तपासून बघू. आमच्या हिला घेऊन जा शेजारी बसायला."

"आपण आपल्या सौभाग्यवतींना आपल्याकडेच ठेवा," मॅनेजर म्हणाले आणि टेकडी उतरायला लागले.

काही आठवडे बाबा एकटेच चालत होते. घरी येऊन सांगायचे, "आज कट्ट्यावर सगळे पाठ फिरवून बसले होते." त्यांना ते लागलं होतं, पण एकदाही त्यांनी शब्द मागे घेतला नाही. या काळात ते मला पूर्वीपेक्षा जास्त आवडायला लागले. मी हे त्यांना सांगितलं नाही. आमच्याकडे असलं काही सांगायची पद्धत नाही.

बाटली त्यांनी स्वतःच्या हाताने काढली. हवेच्या पाइपाला पडलेलं भोक बुजेना म्हणून पाइप नवा घालावा लागला. आणि खरं सांगायचं तर महिन्याभरात ते पुन्हा पूर्वीसारखे सुसाट चालवायला लागले. ॲव्हरेज होतं तिथे परत आलं.

"बघा, मी म्हटलं होतं ना, सगळं तुमच्या चालवण्यावर आहे," मी म्हणाले.

"सिद्धच झालं की," ते म्हणाले. इतक्यात पुढे एक रिक्षा आडवी आली, आणि त्यांनी काच खाली करून रिक्षावाल्याकडे त्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली.